थ्री फेज साडेबाराला

पौष. अमावास्या दोन दिवसांवर. पहाटेचे पावणेपाच.

बोटं अजून धड वळत नाहीत, पण झोपलो की विसरीन, म्हणून आताच लिहितो.

या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे वावरांच्या वीजवाहिनीला, रात्रीची पाळी आहे. मोटार चालवणारी थ्री फेज लाइन साडेबाराला येते. तरी दहालाच वावरात जावं लागतं, कारण हरभरा घाट्यावर आलाय आणि रोही, म्हणजे नीलगायी, काही लाइनची वाट पाहत नाहीत. मचाणावर घोंगडं, थर्मासात चहा आणि मोबाइल. तीन हिवाळे झाले, जागलीत मी सिनेमे पाहतो. एका कानात इअरफोन, दुसरा कान वावराला. कोणत्याही सिनेमाचं संगीत कसं होतं ते मला विचारू नये, मी अर्धंच ऐकलेलं असतं.

यंदा एक नेम केला. रात्री पाहायचे ते रात्रीचेच सिनेमे. म्हणजे रात्र काढून घेतली तर गोष्टच उरणार नाही असे.

सिनेमातल्या रात्रीवरचा माझा विश्वास बाबांनी लहानपणीच उडवला होता. गणपतीत गावात भाड्यानं कलर टीव्ही आणि व्हिडिओ यायचा, एका रात्रीत तीन पिक्चर. कुठल्याशा गाण्यात हिरोइन चांदण्यात नदीकाठी फिरत होती. बाबा मागून म्हणाले, "चांदण्यात कोणी डोये बारीक करते काय बे? दुपार हाय हे!" सगळे हसले. पुढं कळलं की ते बरोबर होते. भर उन्हात शूटिंग करायचं, लेन्सवर निळा फिल्टर लावायचा, उजेड कमी घ्यायचा, झाली रात्र. फ्रेंच लोक या युक्तीला 'अमेरिकन रात्र' म्हणतात. त्रुफोनं १९७३ मध्ये शूटिंगच्याच गोष्टीवर सिनेमा काढला, त्याला नावही हेच दिलं. जुन्या रिळाला अंधारात फार कमी दिसे, त्यामुळे खरी रात्र घ्यायची तर दिव्यांचा लवाजमा लागे. 'बॅरी लिंडन'मध्ये (१९७५) मेणबत्तीच्या उजेडातल्या खोल्या टिपायला कुब्रिकनं नासासाठी बनवलेली लेन्स वापरली. आमची आजी चिमणीच्या उजेडात तुरीची डाळ निवडायची, खडा सुटत नसे.

परवा 'कैथी' पाहिला. २०१९ चा, तमिळ. दहा वर्षांनी तुरुंगातून सुटलेला बाप, कधी न पाहिलेल्या पोरीला भेटायला निघालेला, आणि एका रात्रीत त्याच्या गळ्यात बेशुद्ध पोलिसांनी भरलेला ट्रक येतो. गाणी नाहीत, हिरोइन नाही. मारामारी मला जरा जास्तच झाली, पण त्याचं जेवणं पाहण्यासारखं आहे. बिर्याणीवर असा तुटून पडतो की मचाणावर मला भूक लागली.

आणि 'जल्लीकट्टू', त्याच वर्षीचा, मल्याळम. कापायला आणलेला रेडा सुटतो, अख्खं गाव मागं लागतं. रात्र पडते तसं माणसं दिसेनाशी होतात आणि डोंगरावरून नुसत्या मशाली-बॅटऱ्या धावत सुटतात. हे मात्र खरं. रात्री वावरात माणूस दिसतच नाही, त्याची बॅटरी दिसते. उजेड कसा हलतो त्यावरून आपण ओळखतो, हा वरच्या धुऱ्याचा काका, हा सालदार. मी इतका गुंगलो की वावराचा कान केव्हा बंद झाला कळलंच नाही. बॅटरी मारली तेव्हा खालच्या अंगाला आठ हिरवे डोळे. चार रोही. हरभऱ्याच्या तीन-चार ओळींचे शेंडे साफ. घरी सांगितलं की बॅटरीचे सेल गेले होते.

पूर्व विदर्भात, मावशीकडे वडशाला झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. तिथं नाटकातली रात्र आणि पाहणाऱ्याची रात्र जोडीनं संपते. सिनेमात ती दोन तासांत गुंडाळतात, याची मला उगाच चीड आहे. कारण आपल्याला खरी जड जाते ती दोन ते चारची रात्र, ज्यात काहीच घडत नाही.

आज 'जागते रहो' लावला. १९५६ चा. खेड्यातून कलकत्त्याला आलेला एक माणूस, तहानलेला, रात्री पाण्यासाठी एका मोठ्या इमारतीत शिरतो आणि लोक चोर समजून त्याच्या मागं लागतात. या मजल्यावरून त्या मजल्यावर, या खोलीतून त्या खोलीत, रात्रभर. आणि तो लपून पाहतो ते काय, तर अब्रूदार माणसांची बंद दारामागची चोरी. राज कपूर जवळजवळ बोलतच नाही. कार्लोवी व्हॅरीच्या महोत्सवात याला १९५७ साली पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते असो. मला त्यात दिसलं ते एवढंच की रात्री पाण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसाकडं सगळे चोरासारखेच पाहतात. मागच्या साली डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, फ्यूज पाहत उभा होतो तर शेजारच्या गावच्या पोरांनी मलाच घेरलं होतं. तार चोरणारा समजून.

सिनेमात मोतीलाल झुलत झुलत गाणं म्हणत होता, तेवढ्यात विहिरीवर मोटारीनं गुरगुर केली. साडेबारा. मोबाइल खिशात.

मग चारपर्यंत स्प्रिंकलर. पाइप सोडवायचा, आतलं पाणी नेमकं बाहीत जातं. खांद्यावर घ्यायचा, बारा पावलं टाकायची, क्लिप बसवायची. क्लिपचं लोखंड इतकं गार की अंगठा आपला वाटत नाही. एक नोझल मातीनं बुजलं होतं, दातानं काडी तोडून साफ केलं. चारला लाइन गेली, ठरल्या वेळेच्या आधीच. नोझल दोन फेरे अडखळत फिरले आणि थांबले. एकदम सगळं वावर ऐकू यायला लागलं.

घरी आलो तर बाबा चुलीपाशी जागे. त्यांनी हा पिक्चर दूरदर्शनवर पाहिलेला, संध्याकाळी निघताना त्यांना नाव सांगितलं होतं. आगीत काडी सारत, वर न पाहता म्हणाले, "भेटलं काय पाणी?"

"अर्धा एकर राह्यला," म्हटलं.