हेड धुवून आलंय, मग परत कशाला धुवायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच लिहितो, कारण हा प्रश्न मला सारखा येतो. इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) फेसिंग होऊन, म्हणजे खालची बाजू सपाट करून आलं, सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) कापून झाल्या, व्हॉल्व्ह लॅप केले, म्हणजे पेस्ट लावून सीटवर घासून बसवले, मशीनवाल्याने धुवूनही दिलं, दिसतंयही चकाचक, मग बसवायच्या आधी परत एवढा वेळ का घालवायचा? आणि राहिलाच थोडा कीस (कापताना उडालेले धातूचे कण) तर ऑइल फिल्टर आहेच की पकडायला.

आधी फिल्टरचं बघू, कारण खरा घोळ तिथेच होतो. ऑइल संपमधून (इंजिनच्या तळाच्या टाकीतून) स्ट्रेनरच्या जाळीवाटे पंपात येतं, पंपातून फिल्टरला जातं, आणि फिल्टरमधून गाळून मग मेन गॅलरी (ऑइल जायची आतली मुख्य वाट), क्रँकची बेअरिंग आणि वर हेड. म्हणजे हेडच्या गॅलरीत जे काही राहिलंय ते फिल्टरच्या पुढे बसलंय. इंजिन चालू केलं, प्रेशर वर आलं की ते सरळ कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) जर्नलमध्ये, म्हणजे तो टेकून फिरतो त्या जागेत ढकललं जाणार. फिल्टरची गाठ पडेल ती नंतर, ते खाली संपमध्ये उतरून परत फिरून आल्यावर, आणि तोवर कॅमवर ओरखडे पडून गेलेले असतात. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये कॅमला वेगळे शेल (बदलता येणारी बेअरिंगची अर्धगोल पाती) नसतातच, कॅम हेडच्याच धातूत फिरतो आणि मधे ऑइलला जागा असते मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाइतकी. सीट कापतानाचा लोखंडी कण त्या फटीत शिरला की मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतो आणि कॅमला खात राहतो. क्रँकचे शेल खराब झाले तर नवे टाकता येतात, इथे जागा हेडचीच असते त्यामुळे लाइन बोअरिंग (सगळ्या जागा एका रेषेत परत कापून घेणं) नाहीतर सरळ दुसरं हेड. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढणारे) असतील तर आणखी नाजूक काम, त्यातल्या प्लंजरची फट काही मायक्रॉनचीच असते, एक कण अडकला की टॅपेट वाजायला लागतो.

मशीनवाल्याने धुतलं म्हणजे बहुतेक वेळा वरून धुतलं. एक साधी गोष्ट करून बघा. हेड उलटं धरा, ऑइल फीडच्या होलात पातळ नायलॉनचा ब्रश घाला, फिरवून बाहेर काढा आणि पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका. काळपट ऑइलमध्ये चमचम दिसेल, उजेडात धरलंत तर अ‍ॅल्युमिनियमचे कुरळे तुकडे वेगळे आणि सीटचे बारीक काळे कण वेगळे ओळखू येतात. चुंबक फक्त त्या काळ्या कणांनाच उचलतो, म्हणून ‘चुंबक फिरवला, काही आलं नाही’ यावर अ‍ॅल्युमिनियम हेडच्या बाबतीत अजिबात विसंबू नका.

लॅपिंग पेस्टकडे तर कोणी बघतच नाही. ती कार्बोरंडमची असते, तिचं कामच धातू खाणं. सीटवरची पुसली जाते पण व्हॉल्व्हच्या दांड्यावरून गाईडमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत) उतरलेली तशीच राहते, आणि मग इंजिन चालताना दर फेरीला गाईड लॅप होत राहतं. गाईडमधून ब्रश आरपार गेलाच पाहिजे.

धुवायचं कसं, तर आधी सगळं सुटं करा, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, टॅपेट, आणि कुठला व्हॉल्व्ह कुठला ते नंबर घालून ठेवा. गॅलरीचे स्क्रू प्लग असतील तर तेही काढा, कारण टोकाला प्लगच्या मागे जो कोपरा असतो तिथे कीस हमखास साठतो. मग रॉकेल किंवा डिझेलने धुवा, पेट्रोल नको, त्याची वाफ भडकायला वेळ लागत नाही. रॉकेलने तेलकटपणा सुटतो पण बारीक ग्रिट (घासणारे कण) धातूला चिकटूनच राहते, ती उचलायला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण लागतो, आणि हाच भाग लोक गाळतात. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, तो धातूच खातो. साफ पाण्याने खळाळून धुतलं की लगेच कॉम्प्रेसरची हवा. डोळ्यांवर गॉगल हवाच, हवेने उडालेला कीस डोळ्यात गेला तर फार वाईट. हवा अरुंद टोकाकडून रुंद टोकाकडे मारा, म्हणजे कण पुढे जाऊन अडकायच्याऐवजी बाहेर पडतो, आणि एकेक तोंड बोटाने दाबून बाकीच्या होलांतून हवा येतेय का ते हाताला लावून बघा. एखादं होल गप्प असेल तर तिथे काहीतरी आहे, तिथून पुढे जायचं नाही.

गॅस्केटची जागा एमरी पेपरने किंवा ड्रिलला लावायच्या घासणीच्या चकतीने साफ करायची सवय असेल तर सोडा, त्यातून जी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची धूळ पडते ती बेअरिंगसाठी कीसापेक्षाही वाईट. प्लास्टिकचा स्क्रेपर, थोडा धीर, झालं.

खाली ब्लॉकमधली हेड बोल्टची होलंही बघा. त्यात पाणी किंवा ऑइल साठलेलं असेल आणि तसाच बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही, ब्लॉकलाच तडा जातो, आणि तळाला कीस असेल तर टॉर्क रेंच टक् म्हणतो पण हेड नीट दाबलेलंच नसतं.

सगळं वाळलं की धागे न सुटणारं पांढरं फडकं नव्या ऑइलमध्ये भिजवून कॅमच्या जागांवरून आणि टॅपेटच्या बोअरमधून फिरवा. फडकं राखाडी आलं तर परत साबणापासून सुरुवात. स्वच्छ आलं तर गाईड, सीट, कॅमच्या जागा, सगळीकडे ऑइलचा हात फिरवा, नाहीतर लोखंडी सीटवर लगेच गंज धरतो. त्याच दिवशी बसवणार नसाल तर हेड स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, आणि शेजारी कोणी ग्राइंडर चालवणार असेल तर दुसऱ्या खोलीत.