चार महिन्यांत नऊ पंक्चर, मग टायर बदलले

कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जातो, एका बाजूचे साधारण 16 किलोमीटर, त्यातला बराचसा बायपासचा सर्व्हिस रोड. तिथे काय नसतं, बाटल्यांच्या काचा, खिळे आणि सगळ्यात वाईट म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा. गेल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर नऊ पंक्चर झाले, त्यातले सात मागच्या चाकाचे. वजन सगळं मागे, वर कॅरिअरला लॅपटॉपची बॅग, म्हणजे होणारच म्हणा.

आधी सगळे जुगाड करून झाले. टायर आणि ट्यूबमध्ये घालायची पट्टी घातली, तर पट्टीची कड घासून घासून ट्यूबलाच भोक पडलं! ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा चिकट द्रव, भरलं, बारीक भोकं बुजली पण एकदा मोठी काच घुसली तेव्हा पँटवर पांढरे शिंतोडे घेऊन मीटिंगला बसलो. हवा न लागणारा भरीव टायर मित्राच्या सायकलवर चालवून बघितला, मनगटं दोन दिवस दुखत होती.

शेवटी पंक्चरवाले काका वैतागून म्हणाले, "अरे, दर वेळी ट्यूबचं भोक काय बुजवतोस, टायर आतून बघ की." मग शिकलो की टायर बसवताना त्यावरचं नाव वॉल्व्हच्या अगदी शेजारी ठेवायचं, म्हणजे ट्यूबला भोक कुठे आहे त्यावरून टायरमधली जागा सापडते. बोट फिरवून तार लागत नाही, कापसाचा बोळा फिरवला की धागे अडकतात. माझी एकच तार तीन पंक्चर करून बसली होती, म्हणजे नवातले दोन माझ्या आळशीपणाचे.

तरी टायर पातळ झालाच होता, बदलायचाच होता. साइज बघताना 28 इंची, 700सी असल्या आकड्यांनी डोकं फिरतं, पण टायरच्या बाजूला 32-622 असं छापलेलं असतं ते बघा. 622 म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास मिमीमध्ये, तो जुळलाच पाहिजे, 32 ही रुंदी. मला 37 हवे होते पण मडगार्डला घासले असते, आणि पुण्याच्या पावसात मडगार्ड काढणार कोण. म्हणून 32च ठेवले.

मागे श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस घेतला, त्यात ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या, खाली 5 मिमी जाड लवचिक रबराचा थर असतो, काच घुसली तरी ट्यूबपर्यंत पोचायला बरंच खोल जावं लागतं. पुढे साधा मॅरेथॉन, त्यात थर 3 मिमीचा, पुढे तेवढा बास. दोघांच्या किमतीत साधे टायर पाच-सहा आले असते, घरी आकडा सांगितला नाही. आणि टायर जड आहे हो, सिग्नलवरून निघताना जाणवतं, चांदणी चौकाच्या चढाला तर जास्तच.

बसवताना मात्र घाम निघाला. इतका कडक की अंगठे सोलले, मग कळलं की टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यायचं, वॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने सुरुवात आणि वॉल्व्हपाशी शेवट, थोडं साबणाचं पाणी लावायचं. दुसरा टायर दहा मिनिटांत बसला.

दिवाळीत बसवले, तेव्हापासून एकच पंक्चर, तेही काचेचं नाही. तीन आठवडे हवाच बघितली नव्हती, खड्ड्यात चाक आपटलं आणि ट्यूब रिममध्ये चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं, सापाने चावल्यासारखी. त्याला 5 मिमी काय करणार. आता दर रविवारी पंप लावतो, मागे 65, पुढे 55 पीएसआय, आणि ट्रेडमध्ये रुतलेल्या काचा बारीक स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढतो, मागच्या रविवारी चार निघाल्या.