लोकरीच्या स्टोलवर कसुती: पहिला पदर पुरा झाला

मंडळी, दिवाळीनंतर हातात घेतलेल्या राखाडी स्टोलचा एक पदर कसुतीने, म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक भरतकामाने, परवा रात्री पुरा झाला. मधे गोपूर, दोन्ही बाजूंना तुळशीवृंदावनं आणि खाली मुर्गीची, म्हणजे पायऱ्यांसारख्या नागमोडी टाक्याची, किनार. दोरा लाल आणि मोतिया, सुती.

आमच्या बेळगावात कसुती बघितली नाही असं घर विरळा. आजीच्या इरकलीवर असायची, काळ्या चंद्रकळेवर तर फारच खुलायची. पण ती साडीवर. साडीची उलटी बाजू आत जाते. स्टोल खांद्यावरून घसरतो, उलटतो, वाऱ्यावर फडफडतो आणि दोन्ही बाजू लोकांना दिसतात. म्हणून मी सुरुवातीलाच ठरवलं, गावंती (जाऊन-येऊन भरायचा रेघेचा धावटाका) आणि मुर्गी एवढेच टाके घ्यायचे, कारण हे दोन्ही मागून-पुढून सारखे दिसतात. मेंथी म्हणजे आपली फुली, मेथीच्या दाण्यांसारखी भरगच्च. तिची पाठ वेगळी दिसते. नेयगी विणल्यासारखी दिसते, पण पुढे दोरा असतो तिथे मागे मोकळं राहतं. दोन्ही टाके मला फार आवडतात, तरी या कामात नकोत.

गावंती हे नाव कन्नड 'गंटु', म्हणजे गाठ, यावरून आलं म्हणतात. कामात मात्र गाठ मारायचीच नसते. सुरुवातीला दोऱ्याचं टोक सोडून ठेवायचं आणि परतीच्या टाक्यांखाली दडवायचं. जाताना एक टाका वर, एक खाली. येताना राहिलेल्या जागा भरत यायचं. गोपुराला कळस, कोनाडे, पायऱ्या असे फाटे फुटतात, तिथे मी पूर्वी अडकायची. शेजारच्या आक्का मूळच्या धारवाडच्या. त्यांनी एका वाक्यात सोडवलं: "फाटा आला की आधी त्याच्या टोकाला जाऊन ये गं, मग पुढं चाल." जाऊन-येऊन प्रत्येक फाट्याचे टाके समच होतात, त्यामुळे मूळ वाटेवरचा वर-खालीचा क्रम मोडत नाही. फाट्याला आणखी फाटा असला तरी हेच. वहीच्या चौकटींवर पेन्सिलीने बाण काढून बघा, लगेच पटेल.

आता लोकरीची अडचण. कसुतीत छापा नसतो, कापडाचे धागे मोजूनच टाका घ्यायचा. माझ्या स्टोलचे उभे धागे इंचाला 28 आणि आडवे 24 निघाले. चार धाग्यांचा टाका धरला तर रुंदीत इंचाला सात टाके बसतात, उंचीत सहाच. म्हणजे 28 बाय 28 टाक्यांचं वृंदावन चार इंच रुंद आणि पावणेपाच इंचाच्या जवळपास उंच! पहिलं वृंदावन तसंच ताणलेलं झालं, ते उसवलं. लोकरीवर उसवणं सोपं नाही, धाग्याची लव उभी राहते. मग आराखडाच बदलला. दर सात ओळींमागे एक ओळ गाळून 24 ओळी केल्या, म्हणजे बरोबर चार इंच. गोपूर मात्र मुद्दाम तसंच ठेवलं, उंच झालेलं शिखर त्याला शोभतं. हत्ती घ्यायचा होता, पण उंच पायांचा हत्ती मला बघवेना, म्हणून या स्टोलवर नाही. मोजणी जमत नसेल तर मॅटीचा (धागे सहज मोजता येतील अशा जाड्याभरड्या कापडाचा) तुकडा वर धावदोऱ्याने जोडून त्याचे धागे मोजा आणि काम झाल्यावर ते एकेक ओढून काढा. पण कापडाचीच मोजणी साधली की टाका कापडात बसतो, वर तरंगत नाही. मी मोजणीच धरली.

दोन पदरी दोरा लोकरीच्या लवेत बुडत होता. तीन पदरी घेतल्यावर रेघ उठून आली. सुई बोथट टोकाची वापरा, ती धागा न चिरता दोन धाग्यांमधून जाते. परतीला त्याच भोकातून जाताना आधीचा टाका कायम एकाच बाजूला ठेवा, नाहीतर रेघ दातेरी होते. माझ्या डाव्या वृंदावनात चार टाके असे वाकडे आहेत. ते उसवणार आहे.

लाल दोरा वापरण्याआधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघितला. पहिल्या लडीने रंग सोडला, ती बाजूला ठेवली. स्टोल धुवायचा तो गार पाण्यात, रिठ्याने, न चोळता, न पिळता, आणि सावलीत आडवा पसरून वाळवायचा. गरम पाण्यात चोळली की लोकर आटते, पण सुती टाका तेवढा आटत नाही, मग नक्षी फुगते.

दुसऱ्या पदराला पालखी घेतेय. वहीवर 42 टाके रुंद आणि 36 ओळी उंच बसलीय, म्हणजे दोन्हीकडून सहा इंच. संक्रांतीला काळ्या साडीवर हा स्टोल घ्यायचा आहे, तोवर रोज रात्री दोन तास. पालखीच्या दांड्याची वळणं गावंतीत कुणी केली असतील तर आराखडा दाखवा. माझा दांडा अजून सरळच येतोय.