भिंतीतलं शिसं

आज मिरजेत एका भंगारवाल्याकडे घबाड लागलं. जुन्या एक्स-रे खोलीच्या भिंतीतून काढलेला शिशाचा पत्रा! 2 मिलिमीटर जाड, मागे प्लायवूडच्या खपल्या अजून चिकटलेल्या. फूट बाय फूटचा तुकडा एका हातानं उचलायला गेलो आणि मनगटाला हिसका बसला. एवढासा, पण 2 किलोच्या वर. नखानं ओढलं तर चकचकीत रेघ उठली. म्हणजे माल मऊ, जवळजवळ शुद्ध. बॅटरीतलं शिसं नकोच, अ‍ॅसिडची भानगड कोण निस्तरणार?

अमेरिकेत जुन्या बंदुकांच्या गोळ्या घरी ओतणारे हौशी लोक असल्या पत्र्यावर जीव टाकतात. मला मात्र कृष्णेत टाकायच्या जाळ्याच्या कडेला वजनासाठी मणी हवे होते.

"किरणं शिरली असतील की रं त्यात," आई म्हणाली. एक्स-रेनं शिसं किरणोत्सारी होत नाही, हे तिला पटवता पटवता चहा गार झाला. खरी भीती धुराची अन् धुळीची. म्हणून 327 अंशांना शिसं वितळवायचा हा खेळ परसात, वाऱ्याकडे पाठ करून, स्वयंपाकघरातलं एकही भांडं न घेता.

तरी साच्यात पाण्याचा थेंब राहिलाच. फट्कन उडालं. बुटावर डाग पडलाय, आईला अजून सांगितलेलं नाही.