कपाटातलं काम संग्रहात नेताना

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ई-मेल आला तेव्हा मला वाटलं, दोन दुपारी बसले की झालं. अध्यापकांनी आपले प्रबंध, शोधनिबंध आणि विद्यार्थ्यांची चांगली कामं विद्यापीठाच्या डिजिटल रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, जमा करावीत, एवढंच त्यात होतं. माझ्याकडे पीएच.डी.चा प्रबंध होता, सात शोधनिबंध होते आणि विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून बसवलेल्या एका नाटकाचं चित्रीकरण होतं. या सगळ्याला पाच महिने लागले.

सुरुवात प्रबंधापासून केली. फाइल जुन्या फाँटमधली. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच होती, म्हणजे कुणी एखादा शब्द शोधला तर काहीच सापडणार नाही. युनिकोडमध्ये बदलून घेतली तर रफार भलत्याच अक्षरावर गेले, जोडाक्षरं फुटली. मग छापील प्रत शेजारी ठेवून पानन् पान तपासलं. पदवी मिळाल्यापासून मी माझा प्रबंध असा सलग कधी वाचलाच नव्हता. तिसऱ्या प्रकरणातलं एक विधान आज मला चुकीचं वाटतं. ते बदलू का, असं ग्रंथपाल मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "परीक्षकांनी ज्यावर सही केली तोच मजकूर राहू द्या. तुमचं आजचं मत वेगळ्या टिपणात जोडा." मला ते पटलं. छापील प्रतीचं स्कॅनिंग, शोधता येईल असा मजकूर आणि माझं एक पानाचं टिपण, अशा तीन फाइली जमा झाल्या. परिशिष्टातली काही छायाचित्रं दुसऱ्यांची होती. ती परीक्षेसाठी वापरणं वेगळं आणि जगभर खुली करणं वेगळं. ज्यांची परवानगी मिळाली नाही ती खुल्या प्रतीतून काढली आणि त्या जागी फक्त वर्णन ठेवलं.

शोधनिबंधांचा पेच मला सगळ्यात उशिरा कळला. एकाच निबंधाची तीन रूपं असतात: नियतकालिकाकडे प्रथम पाठवलेला मसुदा, समीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारला गेलेला मसुदा आणि नियतकालिकाच्या मांडणीत छापलेलं रूप. मी छापील पीडीएफ तेवढ्या जपल्या होत्या. बऱ्याच प्रकाशकांच्या करारानुसार छापील रूप असं खुलं ठेवता येत नाही. चालतो तो स्वीकृत मसुदा, तोही पुष्कळदा ठरावीक मुदतीनंतर, म्हणजे एम्बार्गो संपल्यावर. माझा एकच निबंध मुक्त परवान्याखाली छापलेला होता, त्याचा प्रश्न लगेच सुटला. उरलेल्या सहांचे मसुदे मी जुन्या ई-मेलमध्ये शोधत बसले. चार सापडले, एक सहलेखकाकडे निघाला. एक कुठेच नाही. त्या निबंधाची आता फक्त नोंद आहे: शीर्षक, सारांश, कुठे छापला ते. वर्षभर खपून लिहिलेला निबंध, आणि मला तो वाचकाच्या हातात देता येत नाही, याचं वाईट वाटतं. तेव्हापासून स्वीकृतीचं पत्र आलं की त्याच दिवशी तो मसुदा तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. माझ्याकडच्या संशोधक विद्यार्थ्यांनाही तेच करायला लावते.

सगळ्या निबंधांवर माझं नाव सारखं नव्हतं, कुठे आद्याक्षरं तर कुठे पूर्ण नाव. त्यासाठी ऑर्किडचा (ORCID) सोळा अंकी क्रमांक घेतला. नाव कसंही छापलेलं असो, संशोधकाची ओळख या एकाच क्रमांकाने पटते. २०१२ पासून सुरू असलेली ही सोय मी तोवर वापरलीच नव्हती. अर्ध्या तासात झालं.

सर्वांत जास्त वेळ नाटकाला गेला, आणि तो जायलाच हवा होता. विद्यार्थ्यांचं काम म्हणजे विभागाची मालमत्ता, असं आपण न बोलता धरून चालतो. आमच्या विद्यापीठाच्या नियमात ते तसं नाही. संहिता लिहिणाऱ्या तिघांचा हक्क तिघांचा, आणि पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. एव्हाना सगळे पदवी घेऊन पांगलेले. एकेकाला गाठून मी परवान्याचा अर्थ सांगितला. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे आपलं काम कुणीही ठरावीक अटींवर वापरावं अशी आधीच दिलेली परवानगी, एकदा दिला की परत घेता येत नाही. पुढे फाइल काढून टाकली तरी तोवर ज्यांनी प्रत घेतली त्यांचा हक्क कायम राहतो. हे सांगितल्याशिवाय सही घेणं मला फसवणूक वाटली असती. त्यातून ठरलं ते असं: नाव द्या, पैसे कमवण्यासाठी वापरू नका आणि बदल करून पुढे देऊ नका.

लेखकांपैकी एकीने विचारलं, "मॅडम, आमची संहिता इथे खुली झाली तर मासिक ती घेईल का?" तिची शंका खरी होती. आधी प्रसिद्ध झालेलं साहित्य अनेक संपादक स्वीकारत नाहीत. मग संहितेला दोन वर्षांचा एम्बार्गो घातला. नोंद दिसते, फाइल बंद राहते. संशोधकांसाठी आहे ती सोय नव्या लेखकाच्याही उपयोगी पडावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एका अभिनेत्रीने सरळ नकार दिला. कारण तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचे दोन प्रवेश काढले आणि चित्रण अपूर्ण असल्याचं वर्णनात लिहिलं. दुसऱ्या एका प्रवेशामागे विकत मिळणारं एक गाणं वाजत होतं. विभागातल्या प्रयोगात ते कुणालाच खटकलं नव्हतं, पण संग्रहात ठेवण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता. संगीत पाहणाऱ्या मुलाने स्वतः बांधलेली चाल रेकॉर्ड करून पाठवली. ती त्या प्रवेशाला जास्त शोभते.

शेवटी नोंदीचा तक्ता भरायचा. या तक्त्याच्या मुळाशी डब्लिन कोअर नावाची पद्धत आहे. तिच्यात मूळ पंधरा रकाने आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क वगैरे. 'कर्ता' या रकान्यात विभागाने माझं नाव सुचवलं होतं. मी ते खोडून तिघा लेखकांची नावं घातली. 'सहभागी' या रकान्यात नट आले, आणि प्रकाश, ध्वनी, वेशभूषा पाहणारेही आले, प्रत्येकाचं काम नावापुढे लिहून. माझं नाव तिथेच, मार्गदर्शक म्हणून. ग्रंथपाल मॅडमनी एकेक नाव पत्रव्यवहाराशी ताडून पाहिलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि नोंद मंजूर केली.

कायमचा दुवा त्याच दुपारी मिळाला. तो मी सगळ्यांना पाठवला, नकार देणाऱ्या मुलीलाही. रात्री तिचं उत्तर आलं. नाव 'सहभागी'मध्ये चालेल, असं तिने लिहिलं होतं, फक्त चेहरा नको. दुसऱ्या दिवशी नोंद पुन्हा उघडून घेतली आणि तिचं नाव घातलं.