डालग्याची कड

आमच्याकडे कोंबडीच्या पिल्लांना भीती घारीची, मुंगसाची आणि शेजारच्या बोक्याची. या यादीत माझं नाव नव्हतं. वैशाखातल्या एका संध्याकाळी तेही लागलं.

खुडूक कोंबडी 12 अंड्यांवर बसवली होती आणि एकविसाव्या दिवशी 9 पिल्लं निघाली होती. दिवेलागणीला कोंबडी पिल्लांसकट डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवायचा, हे माझं काम. त्या दिवशी गॅसवर दूध ठेवून आले होते. घाईघाईत डालगं टेकवलं आणि गंजलेल्या बिजागरीसारखा एक बारीक आवाज आला. उचलून बघते तर आठ दिवसांच्या पिल्लाचा पाय कडेखाली आलेला. नडगीच्या मध्यावरून खालचा भाग नुसता लोंबत होता. आत दूध उतू गेलं ते वेगळंच.

घारीनं नेलं असतं तर आभाळाकडे बघून चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथे शिव्या द्यायला मीच होते.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, बाहेर आल्या. पिल्लू ओंजळीत घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "मोडलाय. खराट्याचा हीर आन." मी हीर शोधेपर्यंत त्यांनी पदराचं टोक पिल्लाच्या डोळ्यांवर टाकलं. अंधार झाला की पाखरू गप होतं. खरोखरच ते गप झालं. बोटाच्या पेराएवढे हिराचे दोन तुकडे, मध्ये कापूस आणि वरून औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी, असं आमचं हाडांचं ऑपरेशन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर झालं. हळद-चुन्याचा लेप द्यायचाच असा आत्यांचा हट्ट होता. चुन्यानं ती कोवळी कातडी भाजेल म्हणून मी अडून बसले. शेवटी खरचटलं होतं तिथे नुसती हळद लावण्यावर तडजोड झाली.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. एका पिल्लासाठी फोन आलाय हे कळल्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग म्हणाले, "काडी लावलीत ते बरं केलंत. ऊब द्या, कोरडं ठेवा, पट्टी सारखी बघत राहा. पिल्लू वाढतं, पट्टी वाढत नाही." हे शेवटचं वाक्य मी पुढचे तीन आठवडे घोकत होते.

आईजवळ ठेवायची सोय नव्हती. कोंबड्यांना लाल काही दिसलं की टोचायचंच असतं, मग ते टोमॅटोचं साल असो की भावाची जखम. म्हणून बुटाचा खोका काढला, त्यात वर्तमानपत्र अंथरलं. नुसतं वर्तमानपत्र घसरडं, त्यावर धड पायही फाकतात, म्हणून वर जुन्या टॉवेलचा तुकडा घातला. आता राहिली ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. एरवी हे सगळं कोंबडीच्या पोटाखाली आपोआप होतं. आम्हाला त्यासाठी बल्ब पाहिजे होता.

आणि बल्ब कुठे मिळतो आता? घरभर एलईडी. वीज वाचते म्हणून आपण सगळे खूश, पण त्याच्या उजेडाला धग नाही. दिवसभर जळाला तरी पिल्लाची पाठ गार. जुना तारेचा 60 वॅटचा बल्ब शोधत आमचे हे बाजारातली तीन दुकानं फिरले. तिसऱ्यानं पोटमाळ्यावरून धूळ झटकत एक काढून दिला आणि विचारलं, "कशाला पाहिजे?" यांना पिल्लाचं नाव सांगायला लाज वाटली. देवघरासाठी म्हणाले.

बल्ब खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर टांगायचा, म्हणजे पिल्लाला हवं तर जवळ यायला आणि नको तर लांब जायला जागा राहते. त्याला थर्मामीटर लागत नाही. चोच उघडी टाकून लांब बसलं तर उकडतंय, बल्बखाली अंग चोरून ओरडलं तर थंडी वाजतेय. आमचं मात्र ना उकडत होतं, ना थंडी होती, तरी ओरडत होतं. रात्री दोनला उठून मी पाणी बघितलं, पट्टी बघितली, कण्या बघितल्या. पाणी बाटलीच्या झाकणात होतं आणि बुडू नये म्हणून त्यात खडे टाकलेले होते. काहीच कमी नव्हतं. ओरडणं चालूच.

आत्या अंथरुणातूनच म्हणाल्या, "तुजा पेशंट एकटा पडलाय." मग उठल्या, आपल्या फणेरपेटीचा आरसा काढला आणि खोक्यात भिंतीला टेकवून ठेवला. पिल्लानं आरशातल्या पिल्लाकडे बघितलं, एकदा चोच आपटली आणि त्याला खेटून डोळे मिटले. लग्नात मिळालेल्या त्या पेटीला आत्या मला हातही लावू देत नाहीत. पुढचे तीन आठवडे कुंकू त्यांनी बिनआरशाचंच लावलं, आणि एकदाही वाकडं लागलं नाही.

खाण्याचे लाड तर विचारू नका. ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या, गोवरीखाली सापडलेली वाळवी आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक. या बलकावरून घरात वाद झाला. "कोंबडीच्या लेकराला अंडंच चारतीस?" असं आत्यांचं म्हणणं. अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू बलकच पोटात ओढून घेतं, त्या जोरावर पहिले एक-दोन दिवस खाण्याशिवाय राहतं, असं मी समजावलं. त्यांना काही ते पटलं नाही. पिल्लाला पटलं.

दर तीन-चार दिवसांनी पट्टी सोडून परत बांधायची. विसाव्या दिवशी सोडली ती सोडलीच. नडगीवर मधोमध मुगाएवढी गाठ आली होती आणि एक बोट जरा आत वळलं होतं. पण पिल्लू उभं राहिलं, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्या पावलाला पाण्याचं झाकण उलटं केलं.

आम्हाला वाटलं, झालं. खरी कटकट पुढेच होती. अंगणात सोडल्यावर आठही भावंडं अंगावर आली, आईनं तर डोक्यावर चोच मारली. ओळख कसली न पाळख कसली. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. थोरलाइफ शेल्डरुप-एबे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं लहानपणापासून कोंबड्या बघून 1921 च्या सुमारास ती शास्त्रात नोंदवली. हे आत्यांना सांगितलं. "त्यासाटी येवढं शिकावं लागतंय व्हय?" म्हणाल्या.

उपायही त्यांनीच सांगितला. तेच डालगं अंगणाच्या मधोमध पालथं घालायचं आणि आत फक्त पेशंट. बाकीच्यांनी बाहेरून बघावं, फटीतून टोचायचं तेवढं टोचावं, कंटाळावं. चार दिवसांत कंटाळली. पाचव्या रात्री अंधारात त्याला उचलून गुपचूप आईच्या कुशीत सरकवलं. सकाळी तिनं मोजदाद केली नाही.

पुढे तुरा लाल झाला तेव्हा कळलं की हा कोंबडा आहे. आम्ही खाणारी माणसं. आखाडात आमच्याकडे पाहुणे येतात आणि कोंबडे मोजले जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. यंदा आत्यांनी अंगणात उभं राहून मोजले, "दोन." अंगणात तीन होते. मी काही बोलले नाही. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही, शेंगा निवडायला बसल्या.

तो अजून जरासा लंगडतो. संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या मुकाट्यानं खुराड्यात शिरतात. हा मात्र भिंतीला टेकवलेल्या डालग्यावर उडी मारून बसतो आणि मी जवळ गेले की दोन्ही पाय आधी पोटाखाली ओढून घेतो.