चिक चॉकलेटचा ट्रंपेट

आज दिवसभर डोक्यात एकच माणूस आहे, चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्याचा जॅझ बँड वाजायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि आपल्या सी. रामचंद्रांचा, म्हणजे अण्णांचा तो सहाय्यक. 'अलबेला' (१९५१) मध्ये तर अण्णांनी त्याला बँडसकट पडद्यावरच आणलंय, पण बघणारे सगळे भगवानदादा आणि गीता बालीकडे बघतात, मीपण इतकी वर्षं तेच बघत होतो.

सांगलीत वरातीत 'अलबेला'मधलं 'भोली सूरत' वाजलं नाही असं होतच नाही. आमच्या गल्लीतले काका बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात, त्यांना विचारलं की यात अवघड काय असतं. म्हणाले, अरे बटणं तीनच, बाकी सगळं ओठावर. तेच बटण दाबून ओठ जरा आवळला की सूर वर जातो, ढिला सोडला की खाली येतो, आणि तासभर वाजवलं की ओठ सुजतात, मग चूक झाली तर ती लपत नाही, कारण अख्ख्या बँडमध्ये सगळ्यात पुढं हाच आवाज असतो. हे ऐकल्यावर परत चिकचे पीस ऐकले. किती मोकळा वाजवतो हा माणूस!

आणि नुसतं वाजवणं नाही हो. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच नोटेशन शिकवायचे, म्हणून ही मंडळी मुंबईला आली तेव्हा कागदावरचं संगीत वाचू-लिहू शकत होती. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि मग व्हायोलिननं काय वाजवायचं, ट्रंपेट कुठं शिरणार, मधल्या जागा कशा भरायच्या, हे बऱ्याचदा अशा सहाय्यकांनी बसून लिहायचं. मला वाटतं आपण जे गाणं म्हणून गुणगुणतो त्यातला निम्मा भाग तर हाच असतो! नाव मात्र पाटीवर बारीक अक्षरात, तेही असलं तर.

इकडं मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं, लांबून लांबून गवई येऊन हजेरी लावतात, मला त्याचा फार अभिमान आहे. तसं एखाद्या ट्रंपेटवाल्यासाठी कुणीतरी करावं असं मनापासून वाटतं.

स्वतंत्र संगीतकार म्हणून चिकच्या वाट्याला मोजकेच सिनेमे आले. त्यातला 'नादान' (१९५१), देव आनंद आणि मधुबालाचा. त्यात तलत मेहमूदचं 'आ तेरी तस्वीर बना लूं' आहे. मला हे गाणं कितीतरी वर्षं माहिती होतं, चाल चिक चॉकलेटची हे मात्र आत्ता कळलं, आणि विश्वासच बसेना, कारण त्यात धांगडधिंगा काहीच नाही, अगदी हळवी चाल आहे. जो माणूस हॉटेलात रात्री लोकांना नाचवायचा त्याच्या आतमध्ये हेपण होतं. १९६७ मध्ये गेला, पन्नाशीच्या आसपासच. अजून चार सिनेमे तरी मिळायला पाहिजे होते त्याला.

संध्याकाळी काकांना ते गाणं मोबाईलवर ऐकवलं. दोनदा ऐकलं त्यांनी, मग म्हणाले, ट्रंपेटवर बसंल, पण पट्टी खाली घ्यायला लागंल आणि दम पुरवून पुरवून वाजवायला लागंल. रविवारी बसूया म्हणालेत.